चार्ज म्हणजे काय जी, मॅडम?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पोळ्यांच्या डब्याच्या तळाशी जसा भुगा जमतो, तसे ते जमतात. आपण रोज पोळ्या काढतो, झाकण लावतो आणि एक दिवस डबा उपडा केला की वाटतं, अरे, हे एवढं कधी साठलं?

माझा डबा म्हणजे माझा क्लास. कॉलेजातून रिटायर झाले आणि नंदनवन वस्तीतल्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत, मोठ्या माणसांसाठी इंग्रजी बोलायचा क्लास सुरू केला. एक फळा, एक कूलर, प्लास्टिकच्या खुर्च्या. वाटलं होतं, नोकरी शोधणारी पोरंपोरी येतील. आले ते सगळे माझ्याच वयाचे नाहीतर संसारात बुडालेले! त्यांना व्याकरण नको होतं. त्यांना फक्त समोरचा काय म्हणतो ते समजायला हवं होतं आणि उलट उत्तर देता यायला हवं होतं.

आता डबा उपडा करून बघते तर गंमत अशी की, निम्म्याहून जास्त भुगा एकाच शब्दाचा निघतो. चार्ज!

*

सुरुवात केली दिलीपभाऊंनी.

दिलीपभाऊ कळमन्याच्या मार्केटातले संत्र्याचे व्यापारी. आवाज असा की लिलावात माईक लागत नाही. क्लासला यायचं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. "मॅडम, घरात सून अन् नात माह्यासमोर माह्याबद्दल इंग्रजीत बोलतेत. मले जास्त काही नाही पाहिजे. तारीफ करून राहिल्या का निंदा, एवढं समजलं का झालं!"

त्या दिवशी मी क्रियापदं घेतली होती. अंगावर धावून जाणे, हल्ला करणे, या अर्थाचं क्रियापद शिकवायचं म्हणून फळ्यावर लिहिलं, "द बुल चार्ज्ड मी." आणि दिलीपभाऊंना म्हटलं, सांगा मराठीत.

दिलीपभाऊंनी वाक्य दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "सांडानं माह्याकडून पैसे घेतले."

मी म्हटलं, "अहो दिलीपभाऊ, सांड कशाचे पैसे घेईल?"

"पार्किंगचे असन," दिलीपभाऊ म्हणाले. "बर्डीच्या बाजारात कोण कशाचे पैसे घेईन, काय सांगता येते!"

*

आता माझी एक खोड आहे. शब्द दिसला की त्याचं मूळ खणून काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. कॉलेजातली पोरं या खोडीला कंटाळायची, घड्याळाकडे बघायची. क्लासातली मंडळी मात्र सावरून बसतात. गोष्ट ऐकायला मिळणार, हे त्यांना कळतं.

मी सांगितलं, हा शब्द निघाला गाडीपासून. फार जुन्या काळी लॅटिनमध्ये चाकांच्या गाडीला एक शब्द होता. त्यावरून गाडीत माल भरणं, भार घालणं याचा शब्द झाला. तो फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आला. मग त्या भाराला पाय फुटले. खांद्यावर कामाचा भार टाकला, तो चार्ज. डोक्यावर आरोपाचा भार टाकला, तोही चार्ज. गिऱ्हाइकावर किमतीचा भार टाकला, तोही चार्जच. बंदुकीत दारू ठासून भरली, चार्ज केली. हत्यार असं सज्ज करून, रोखून शत्रूवर धावून गेले, त्यालाही चार्ज म्हणू लागले. आणि शेवटी बॅटरीत वीज भरली, तेव्हाही तोच शब्द कामाला लावला. आपली कार आणि कार्गो, तेही याच घराण्यातले.

दिलीपभाऊ खुर्चीतून उठलेच. "म्हणजे माह्या बापाची बैलबंडी अन् माह्या पोराची कार एकाच खानदानातली?"

"हो."

"अन् इंग्रजाचा हल्ला आमच्या बंडीतून निघाला?"

म्हटलं, तसं म्हणायला हरकत नाही.

दिलीपभाऊंना हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केटात संत्र्याच्या पेट्या टेम्पोत भरायच्या होत्या, तेव्हा त्यांनी हात वर करून सेनापतीसारखी आरोळी ठोकली, "चला रे, चार्ज करा!"

हमाल मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी खिशातून मोबाईल काढले, ऑफिसातल्या बोर्डाला लावले आणि "शेठ आज खुशीत हाय" म्हणत चहा प्यायला निघून गेले.

*

पण दिलीपभाऊंचा खरा प्रश्न घरातला होता, तो तसाच राहिला होता. एका संध्याकाळी ते क्लासला आले तेच पडलेल्या चेहऱ्यानं. खुर्चीही मागची घेतली. शेवटी मीच विचारलं, काय झालं?

"मॅडम, आज समजलं घरात माह्याबद्दल काय बोलतेत ते. समजलं नसतं तं बरं झालं असतं."

दुपारी जेवून ते हॉलमध्ये दिवाणावर आडवे झाले होते. डोळे मिटलेले, पण झोप लागली नव्हती. सून मिक्सर लावायला निघाली, तर नातीनं तिला अडवलं आणि हळूच म्हणाली, "मम्मा, नो नॉइज! आजोबा इज चार्जिंग."

"सांगा आता," दिलीपभाऊ म्हणाले. "मी काहून हल्ला करीन जी? मी तं झोपून होतो!"

मी त्यांना समजावलं. मोबाईल चार्जिंगला लावला की आपण त्याला हात लावत नाही ना, तसं. नात म्हणत होती, आजोबांना आराम करू दे, त्यांच्या अंगात जोर भरतो आहे.

दिलीपभाऊंनी कूलर स्वतःकडे वळवला. मग रुमाल काढून नाक पुसलं आणि म्हणाले, "म्हणजे तारीफ होती."

त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना संत्रा बर्फी खाऊ घातली. आणि हल्ली, त्यांची सून सांगते, दुपारी जेवण झालं की ते स्वतःच घरभर ओरडून सांगतात, "मी चार्जिंगले चाललो!" त्यानंतर शेजारपाजारचेही झोपू शकत नाहीत.

*

दुसरे आमचे बोरकर काका. पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मिशी अजून ड्यूटीवर असलेली. ते क्लासला का येतात, तर म्हणे, "नोकरीभर साहेब काय बोलत होते, थे आता तरी समजून घ्यावं म्हणतो."

लाठीचार्जचा विषय त्यांच्यासमोर निघणारच होता. काढला दिलीपभाऊंनीच. "काका, तुम्ही तं लई वेळा केला असन!"

काका म्हणाले, पहिल्याच वेळेला जे झालं त्यानंतर साहेबांनी मला कधी पुढच्या रांगेत उभंच केलं नाही.

काका तेव्हा खात्यात नवीनच लागले होते. कुठल्याशा गावच्या जत्रेत कुस्तीच्या निकालावरून भांडण पेटलं. दोन्हीकडची माणसं हातात दगड घेऊन समोरासमोर. मध्ये काकांची तुकडी. कोवळं वय. मागून साहेब ओरडले, "चार्ज!"

"आता मले चार्जचा एकच अर्थ ठाऊक होता," काका म्हणाले. "ठाण्यात ड्यूटी संपली का आपण दुसऱ्याले चार्ज देतो. मले वाटलं, साहेब म्हणून राहिले, तुया चार्ज देऊन टाक. मी बाजूच्या शिपायाले माही काठी देल्ली, कडक सॅल्यूट मारला अन् उलटा फिरून चालाले लागलो."

आम्ही खुर्च्या पुढे ओढल्या. "मग?"

"मंग काय! समोरचे लोकं हसाले लागले. पयले एक हसला, मंग दहा हसले. हसता हसता दगड फेकता येत नाही न मॅडम. सुटले हातातून."

"आणि साहेब?"

काकांनी मिशीवरून बोट फिरवलं. "साहेब पण बोलले काहीतरी. पण थे इंग्रजीत होतं."

*

याच बोरकर काकांच्या घरी मागच्या वर्षी मोठी पंचाईत झाली. काकू बाथरूममध्ये घसरल्या, पाय मोडला, कमरेपर्यंत प्लास्टर. घरात दोघंच. काकांनी आयुष्यात गॅस पेटवला नव्हता. काकूंना दुखण्यापेक्षा या गोष्टीचीच धास्ती जास्त होती, आता हा माणूस आपलं स्वयंपाकघर पेटवून देणार!

काका काही दिवस क्लासला आले नाहीत. आले तेव्हा हाताला फोडणीचे डाग आणि शर्टाला हळद. मी म्हटलं, आज कुणी पाठ करून आणलेलं बोलायचं नाही. आपल्या घरात काय चाललंय ते इंग्रजीत सांगायचं.

काका उभे राहिले, सावधानमध्ये दोन्ही हात पँटच्या शिवणीला लावले आणि म्हणाले, "माय वाइफ इज इन प्लास्टर. आय ॲम इन चार्ज ऑफ किचन. शी इज सिटिंग इन चेअर, नियर डोअर. अँड शी इज चार्जिंग."

व्याकरण बऱ्यापैकी होतं. मी शाबासकी दिली आणि मास्तरकीच्या सवयीनं विचारलं, "काका, शेवटचं चार्जिंग कोणत्या अर्थानं? हल्ला, आरोप, की जबाबदारी टाकणं?"

काकांनी डोळे मिटून विचार केला.

"मॅडम," ते म्हणाले, "सगळ्याच."

*

शकुंतलाताई येतात उमरेडहून, एसटीनं. अंगणवाडीत नोकरी झाली. गावातली अर्धी तरुण पिढी त्यांच्या हातचं खाऊन मोठी झालेली आहे. त्यांची मुलगी लग्न होऊन इंग्लंडला गेली आणि तिला दिवस गेले, तेव्हा बाळंतपणाला आईनं यावं असं ठरलं. तिकीट आलं, आणि ताईंची झोप उडाली.

पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसून त्या म्हणाल्या, "मॅडम, मले बाळंतपण कोणी शिकवू नये. पण तिकडं जाऊन मी मुकी बसू काय? कोपऱ्यात ठेवलेल्या गाठोड्यासारखी?"

त्यांच्या त्या वाक्यानंतर मी त्यांना जास्तच मन लावून शिकवलं. पण चार्जचे सगळे अर्थ पोचायच्या आत त्यांच्या विमानाची वेळ झाली. त्यांच्या पदरात मोबाईलवाला एकच अर्थ पडला होता.

नातू झाला. चार दिवसांनी तिथली सरकारी नर्स घरी बाळ बघायला आली. मुलगी थकून पडलेली, जावई दूध सांडून पुसत होता, बाळ रडत होतं, कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. नर्सनं दारातच हसून विचारलं, "ओके, हू इज इन चार्ज हिअर?"

ताईंना हू कळलं, चार्ज कळलं. त्यांना वाटलं, ही विचारते आहे, या घरात कुणाच्या अंगात अजून जोर शिल्लक आहे? त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. मुलगी संपलेली. जावई संपलेला.

ताईंनी पदर खोचला, हात वर केला आणि म्हणाल्या, "मी! फुल!"

त्यानंतर नर्स जितक्या वेळा आली, तितक्या वेळा तिनं जावयाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाळाचं सगळं ताईंनाच विचारलं. ताईंनी सगळ्याला "गुड" म्हणून उत्तर दिलं. आणि सगळं गुडच होतं!

*

आमच्यातला सगळ्यात तरुण म्हणजे उईके. पारशिवनीकडच्या एका खेड्यातला, पेंचच्या जंगलात पर्यटकांना वाघ दाखवणारा गाइड. पावसाळ्यात जंगल बंद असतं, तेव्हा तो मोटारसायकलवर क्लासला येतो. जंगलातली प्रत्येक खूण त्याला दिसते, पण परदेशी पाहुणे गाडीत बसले की त्याची जीभ टाळूला चिकटते. आणि पाहुणे खुश झाले नाहीत तर ते दुसऱ्या गाइडचं नाव घेतात, ही त्याची काळजी.

क्लासला यायच्या आधीची गोष्ट त्यानं आम्हाला सांगितली. एक परदेशी बाई आली होती, वयस्कर, जरा घाबरट. उघड्या जिप्सीत बसताना तिनं काळजीनं विचारलं, "डझ द टायगर चार्ज?"

उईकेला वाटलं, झालं! हिला कुणीतरी लुटलंय. त्यानं छातीवर हात ठेवून तिला धीर दिला, "नो मॅडम, नो! जिप्सी चार्ज, गाइड चार्ज, कॅमेरा चार्ज. टायगर फ्री!"

बाई टुणकन खाली उतरली.

उईके सांगतो, "मी तिच्यामागं धावलो मॅडम, समजवाले. तं थे अजूनच जोरात पळाली!"

*

मागच्या हिवाळ्यात उईकेनंच हट्ट धरला, सगळ्यांनी एकदा माझ्या जंगलात या. त्याची ही गुरुदक्षिणा होती. एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. दिलीपभाऊ, बोरकर काका, शकुंतलाताई आणि मी. पुढे ड्रायव्हर, शेजारी उईके. थंडी अशी की दिलीपभाऊंनी मफलरवर मफलर गुंडाळला होता आणि त्यातूनही त्यांचा आवाज येतच होता. हरणं दिसली की "डिअर! डिअर!" मोर दिसला की "पीकॉक!" उईके मागे वळून ओठांवर बोट ठेवायचा, ते हळू आवाजात "सॉरी" म्हणायचे, तेही चितळांना ऐकू जायचं.

एका वळणावर उईकेनं अचानक गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या डाव्या बाजूला गवतात काहीतरी हललं. वाघाचं पिल्लू! मांजराएवढं नाही, चांगलं कुत्र्याएवढं. त्याच्यामागे आणखी एक. आम्ही हरखून गेलो. फक्त उईके पिल्लांकडे बघत नव्हता. तो उजवीकडे, बांबूकडे बघत होता. पिल्लं डावीकडे म्हणजे आई उजवीकडे, आणि मध्ये आम्ही. हे त्याच्या लक्षात आलं होतं.

"कोणी हलू नका," तो पुटपुटला. "बोलू नका."

बांबू फाकला आणि ती आली.

इतके महिने मी तो शब्द फळ्यावर लिहीत होते. गाडी, भार, बंदूक, सगळं खडूनं रंगवून सांगत होते. मला तो शब्द ठाऊकच नव्हता! कान मागे पडलेले, पोट जमिनीला लागलेलं, आणि तो आवाज तर कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकू आला. ड्रायव्हरचा हात किल्लीकडे गेला, तो उईकेनं घट्ट धरून ठेवला. दिलीपभाऊंनी माझा हात धरला होता. मी कुणाचा धरला होता, मला आठवत नाही.

ती गाडीच्या अगदी जवळ येऊन थांबली. धूळ आमच्या तोंडावर आली. शेपटी नुसती आपटत होती. पुढची उडी आता पडणार, असं वाटत होतं, आणि मला माझ्या मुलीचा चेहरा दिसला.

आणि तेव्हा माझ्या मागून एक आवाज आला. हळू, सपाट, रडणाऱ्या पोराला थोपटताना असतो तसा.

"जाय वं माय, जाय. आम्ही नाही काही करत. तुये लेकरं पलीकडं हायेत. जाय त्याहीच्यापाशी."

शकुंतलाताई! जागच्या हलल्या नव्हत्या. हात मांडीवर, नजर खाली. पुन्हा तेच म्हणाल्या, त्याच चालीत. "जाय वं बाई. भेवले असतीन लेकरं. जाय."

वाघीण गुरगुरली. किती वेळ उभी होती, सांगता येणार नाही. मग तिनं तोंड फिरवलं, गाडीच्या मागून वळसा घातला आणि गवतात शिरली. पिल्लं तिच्या पोटाखाली घुसताना आम्ही पाहिली. मग गवत मिटलं.

परत येताना एक मोर आडवा गेला, त्याला कुणी "पीकॉक" म्हटलं नाही. दिलीपभाऊंनीसुद्धा! फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घेतला, तेव्हा उईकेच्या हातातला कप तिरका झाला होता. चहा त्याच्या बोटांवर सांडत होता आणि त्याला कळत नव्हतं. बोरकर काकांनी तो कप काढून घेतला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

अर्धा चहा पोटात गेल्यावर दिलीपभाऊंना कंठ फुटला.

"ताई," ते म्हणाले, "इतके दिवस क्लास केला आपण. अन् ऐन वेळेवर तुम्ही मराठीत काहून बोलल्या?"

शकुंतलाताईंनी चहावर फुंकर घातली.

"थे पारशिवनीची हाय न, भाऊ," त्या म्हणाल्या. "तिले कुठं इंग्रजी येते!"